पहिल्या विश्वचषकाला ‘अपुरा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर स्पर्धेच्या इतिहासाचे लेख येऊ लागतात, आणि त्यांत १९३० सालच्या पहिल्या स्पर्धेविषयी एक वाक्य थोड्याफार फरकाने ठरलेले असते : केवळ १३ संघ आले, युरोपातून तर चारच, त्यामुळे यजमान उरुग्वेला विजेतेपद फारसे कष्ट न घेता मिळाले. त्यापुढे एका हाताच्या खेळाडूचा, राजाने निवडलेल्या संघाचा आणि अंतिम सामन्यातील दोन चेंडूंचा किस्सा येतो व लेख १९३४ कडे वळतो. किस्से बहुतांशी खरे आहेत, आणि ते सांगू नयेत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या आधीचे ते वाक्य मात्र टिकणारे नाही. २०३० साली या स्पर्धेला शंभर वर्षे पूर्ण होत असून त्यानिमित्त पहिली स्पर्धा जिथे झाली ती उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ, तसेच ब्युनॉस आयर्स आणि असुन्सिऑन येथे त्या विश्वचषकाचा प्रत्येकी एक सामना खेळवला जाणार आहे. त्या वेळी तरी हे वाक्य जसेच्या तसे पुन्हा छापले जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उरुग्वेची त्या वेळची योग्यता काय होती, हे आधी पाहावे लागेल. देश लहान होता. लोकसंख्या वीस लाखांच्या आत, म्हणजे आजच्या एकट्या नागपूर शहराहूनही कमी. परंतु १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हा संघ उतरला तेव्हा त्याने युगोस्लाव्हियावर ७-०, अमेरिकेवर ३-०, यजमान फ्रान्सवर ५-१, नेदरलँड्सवर २-१ आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडवर ३-० असे ओळीने विजय मिळवून सुवर्णपदक नेले. चार वर्षांनी अ‍ॅम्स्टरडॅमलाही तेच घडले. पहिल्याच सामन्यात यजमान नेदरलँड्स २-० असे हरले, नंतर जर्मनी ४-१, उपान्त्य सामन्यात इटली ३-२. आणि अर्जेंटिनाविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटल्यामुळे तो पुन्हा खेळवावा लागला, तेव्हा उरुग्वेने तो २-१ असा जिंकला. म्हणजे १९३० मध्ये जे युरोपीय देश घरी राहिले त्यांपैकी नेदरलँड्स, जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंड यांना उरुग्वेने त्यांच्याच खंडात, युरोपीय प्रेक्षकांसमोर हरवलेले होते. माँटेव्हिडिओच्या सेंतेनारियो मैदानातील गोलांमागच्या दोन प्रेक्षागृहांना कोलोंब आणि अ‍ॅम्स्टरडॅम ही नावे आहेत, ती या दोन विजयांवरूनच. कोलोंब हे पॅरिसजवळचे १९२४ चे ऑलिंपिक मैदान. उरुग्वेच्या जर्सीवर आजही दोन नव्हे, चार तारे असतात, कारण त्या दोन ऑलिंपिक विजयांना तो देश जागतिक अजिंक्यपदच मानतो. हे मानणे इतरांना अतिशयोक्तीचे वाटते, पण १९३० पूर्वी राष्ट्रीय संघांची त्याहून मोठी स्पर्धा जगात अस्तित्वातच नव्हती.

यावर एक योग्य आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. ऑलिंपिक ही हौशी खेळाडूंची स्पर्धा होती. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया या मध्य युरोपातील देशांत व्यावसायिक फुटबॉल सुरू झालेला असल्याने त्यांचे उत्तम खेळाडू १९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला खेळलेच नाहीत. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी की नाही या वादातून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या संघटना त्याच वर्षी फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेतून बाहेर पडल्या होत्या. इटलीनेही दोन वर्षांत पुष्कळ मजल मारली होती. मे १९३० मध्ये त्यांनी बुडापेस्टला जाऊन हंगेरीला ५-० असे हरवले, त्यात तरुण ज्युसेप्पे मेआत्साचे तीन गोल होते. हे संघ माँटेव्हिडिओला आले असते तर स्पर्धा अधिक चुरशीची झाली असती, यात शंका नाही. पण ‘अधिक चुरशीची झाली असती’ आणि ‘विजेतेपद सोपे होते’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि आपले लेखक पहिल्यावरून दुसऱ्यावर फार सहज उडी मारतात.

ती उडी चुकते याचे मुख्य कारण अर्जेंटिना. दक्षिण अमेरिकेची राष्ट्रीय संघांची अजिंक्यपद स्पर्धा १९१६ पासून चालू होती. युरोपात असे खंडव्यापी अजिंक्यपद १९६० पर्यंत सुरू झाले नव्हते, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतली जाते. १९३० पर्यंत उरुग्वे आणि अर्जेंटिना यांचे संघ चौदा वर्षे जवळजवळ दरवर्षी एकमेकांशी व शेजाऱ्यांशी भिडत होते, आणि त्या घर्षणातूनच त्यांचा खेळ घडला होता. विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, ब्युनॉस आयर्सला झालेल्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेत अर्जेंटिना पहिला आला, पॅराग्वे दुसरा आणि उरुग्वे तिसरा. उरुग्वे त्या स्पर्धेत पॅराग्वेकडून ३-० आणि अर्जेंटिनाकडून २-० असा हरला होता. १९२७ ची स्पर्धाही अर्जेंटिनानेच जिंकली होती. याच अर्जेंटिनाने १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला ११-२, बेल्जियमला ६-३ आणि इजिप्तला ६-० असे हरवले होते. आपल्या खंडाचे अजिंक्यपद नुकतेच गमावलेल्या संघाला, ते मिळवणाऱ्या संघाविरुद्ध जे जिंकावे लागले, ते सोपे होते असे म्हणणे धाडसाचे आहे.

आता युरोप का आला नाही, याकडे. मे १९२९ मध्ये बार्सिलोना येथील फिफाच्या बैठकीत यजमानपद उरुग्वेला दिले गेले, तेव्हा इटली, स्पेन, नेदरलँड्स, स्वीडन आणि हंगेरी हे इच्छुक देश मागे हटले. उरुग्वेच्या संविधानाला १८ जुलै १९३० रोजी शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त नवे भव्य मैदान बांधण्याची, सर्व पाहुण्या संघांच्या प्रवासाचा आणि निवासाचा खर्च देण्याची, एवढेच नव्हे तर तोटा झाल्यास तो सोसण्याची हमी त्या देशाने दिली होती. हमी स्वीकारून झाल्यावर युरोपातून एकामागून एक नकार येत गेले. अटलांटिक ओलांडायला जाताना पंधरा आणि येताना पंधरा दिवस लागणार, शिवाय तिथला मुक्काम. एवढे दिवस क्लब आपले खेळाडू सोडायला तयार नव्हते आणि हौशी खेळाडूंचे मालक त्यांना रजा द्यायला तयार नव्हते. ही अडचण खोटी नव्हती. पण तेवढाच समुद्र ओलांडून १९२४ मध्ये उरुग्वेचा आणि १९२८ मध्ये उरुग्वे, अर्जेंटिना व चिली यांचे संघ युरोपात आले होते, आणि तेव्हा कोणी यजमानांनी त्यांचा सगळा खर्च उचललेला नव्हता. स्पर्धेला दोन महिने उरले असताना युरोपातून एकाही संघाचा पक्का होकार नव्हता. त्या दिवसांत माँटेव्हिडिओच्या वर्तमानपत्रांतून किती कटुता उमटली असेल याची कल्पना करता येते. तिचा परिणाम चार वर्षांनी दिसला, त्याविषयी पुढे लिहितो.

शेवटी जे चार युरोपीय संघ आले त्यांना ‘चारच’ या शब्दात गुंडाळून टाकणे मला विशेष खटकते, कारण येण्यासाठी त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे स्वतः फ्रेंच असल्याने फ्रान्सला नाही म्हणणे अवघड होते, तरीही प्रशिक्षक गास्तों बारो यांना रजा न मिळाल्याने त्यांच्याशिवाय संघ निघाला. बेल्जियम हा १९२० च्या ऑलिंपिकचा विजेता. रुमानियाचा राजा दुसरा कॅरोल जून १९३० मध्येच गादीवर आला आणि त्याने संघाच्या निवडीत व खेळाडूंना नोकरीतून रजा मिळवून देण्यात स्वतः लक्ष घातले. या किश्श्यात राजाचा लहरीपणा तेवढा रंगवला जातो, पण रजेचा प्रश्न इतर अनेक देशांना सुटला नव्हता आणि रुमानियाने तो सोडवला, हे त्यातले महत्त्वाचे. ‘कोन्ते व्हेर्दे’ नावाच्या इटालियन जहाजावर रुमानियाचा संघ जिनोव्हाला चढला, फ्रान्सचा २१ जून रोजी व्हिलफ्रान्श बंदरात आणि बेल्जियमचा बार्सिलोनात. रिमे, स्पर्धेचा सोन्याचा मुलामा दिलेला चषक आणि तीन युरोपीय पंच त्याच जहाजावर होते. खेळाडू डेकवर व्यायाम करत, धावत. चेंडूचा सराव करण्याइतकी जागा तिथे नव्हती. २९ जूनला रिओ द जानेरोला ब्राझीलचा संघ चढला आणि ४ जुलैला जहाज माँटेव्हिडिओला लागले. युगोस्लाव्हियाचा संघ मार्सेयहून ‘फ्लोरिडा’ नावाच्या दुसऱ्या जहाजाने वेगळा आला.

हे संघ पूर्ण ताकदीचे होते असा दावा मी करणार नाही. युगोस्लाव्हियाच्या फुटबॉल महासंघाचे मुख्यालय झाग्रेबहून बेलग्रेडला हलवल्याच्या रागाने क्रोएशियातील क्लबांनी बहिष्कार टाकला होता, आणि त्यामुळे संघात एकही क्रोएशियन खेळाडू नव्हता. ब्राझीलमध्ये रिओ आणि साओ पावलो येथील संघटनांचे भांडण इतके विकोपाला गेले होते की साओ पावलोचा एक अराकेन तेवढा संघात आला, बाकी सारे खेळाडू रिओचे. या दोन भांडलेल्या देशांचा सामना १४ जुलैला झाला आणि अत्यंत तरुण अशा युगोस्लाव्हियाने ब्राझीलला २-१ असे हरवून उपान्त्य फेरीची वाट मोकळी केली. युरोपचे ‘चारच’ संघ नावापुरते आले होते असे मानणाऱ्यांनी निदान हा निकाल तरी पाहावा. बोलिव्हियाला ४-० असे हरवून युगोस्लाव्हिया शेवटच्या चारांत पोचला; फ्रान्सने पहिल्या दिवशी मेक्सिकोला ४-१ असे हरवले; रुमानियाने पेरूला ३-१ असे हरवले. बेल्जियम मात्र एकही गोल न करता परत गेला.

मेक्सिकोविरुद्धच्या त्या सामन्यात १३ जुलै रोजी एकोणिसाव्या मिनिटाला लुसियाँ लोराँने विश्वचषकातला पहिला गोल केला, हे सर्वांना माहीत असते. त्याच सामन्यात फ्रान्सचा गोलरक्षक अ‍ॅलेक्स तेपो पहिल्या अर्ध्या तासातच जखमी होऊन बाहेर गेला आणि बदली खेळाडूची सोय नियमात नसल्याने हाफबॅक ओग्युस्तँ शांत्रेल गोलात उभा राहिला, म्हणजे फ्रान्सने उरलेला सामना दहा जणांनी आणि हंगामी गोलरक्षकाच्या भरवशावर जिंकला, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. दोनच दिवसांनी त्यांची गाठ अर्जेंटिनाशी पडली. लोराँ सुरुवातीलाच लुईस मोंतीच्या धसमुसळ्या खेळाने दुखावला गेला, तरी ८१ व्या मिनिटापर्यंत सामना ०-० होता. मोंतीने फ्री किकवर गोल केला. त्यानंतर मार्सेल लांजिए अर्जेंटिनाच्या गोलाकडे धावत असताना ब्राझीलच्या पंचांनी सहा मिनिटे आधीच सामना संपल्याची शिटी वाजवली. फ्रेंच खेळाडूंनी हुज्जत घातल्यावर चूक लक्षात आली आणि खेळ पुन्हा सुरू झाला, पण तोवर चढाईतला जोर ओसरला होता. १-० असा निकाल लागला. अर्जेंटिना त्या स्पर्धेत अंतिम फेरीपूर्वी सर्वाधिक अडचणीत आला तो या दमलेल्या, जखमी युरोपीय संघापुढे.

सर्वाधिक अन्याय आपल्या लेखांत अमेरिकेच्या संघावर होतो. ‘त्या काळी अमेरिकाही उपान्त्य फेरीत पोचली होती’ असे हसत सांगितले जाते, जणू त्यावरूनच स्पर्धेचा दर्जा कळावा. अमेरिकेच्या संघात ब्रिटनमध्ये जन्मलेले सहा खेळाडू होते आणि ते भाडोत्री व्यावसायिक होते असे फार काळ लिहिले गेले. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक जण लहानपणी किंवा ऐन तारुण्यात स्थलांतर करून गेलेले आणि अमेरिकेतच फुटबॉलपटू म्हणून वाढलेले होते. या संघाने बेल्जियमला ३-० आणि पॅराग्वेलाही ३-० असे हरवले. हा पॅराग्वे म्हणजे आदल्याच वर्षी उरुग्वेला तीन गोलांनी लोळवून दक्षिण अमेरिकेत दुसरा आलेला संघ. पॅराग्वेविरुद्ध बर्ट पॅटनॉडने केलेले तीन गोल ही विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक, पण त्यांपैकी एका गोलाच्या श्रेयाविषयी वाद राहिल्याने फिफाने ती २००६ साली अधिकृत केली. मधल्या ७६ वर्षांत हा मान अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेला दिला जात होता आणि आपल्याकडील काही लेखांत तो अजूनही दिला जातो. उपान्त्य सामन्यात अमेरिका अर्जेंटिनाकडून ६-१ अशी हरली खरी, परंतु मध्यंतराला फरक एकाच गोलाचा होता आणि जायबंदी खेळाडूंमुळे त्यांना उत्तरार्ध अपुऱ्या संघानिशी खेळावा लागला. दुसऱ्या दिवशी उरुग्वेने युगोस्लाव्हियाला त्याच ६-१ च्या फरकाने हरवले. त्यातही पहिला गोल युगोस्लाव्हियाचाच होता.

स्पर्धेची व्यवस्था कच्ची होती, हे आक्षेपकांना मान्य करायला मला अडचण नाही. अर्जेंटिना-मेक्सिको सामन्यात पंच होते उलिसेस साउसेदो, आणि ते त्याच स्पर्धेत खेळणाऱ्या बोलिव्हियाच्या संघाचे प्रशिक्षकही होते. याच सामन्यात कर्णधार मानुएल फेरेइरा विद्यापीठाची परीक्षा द्यायला मायदेशी गेल्यामुळे स्ताबिलेला प्रथमच राष्ट्रीय संघात जागा मिळाली आणि त्याने तीन गोल केले. चार सामन्यांत आठ गोल करून तो स्पर्धेत सर्वांच्या पुढे राहिला आणि त्यानंतर अर्जेंटिनाकडून पुन्हा कधीही खेळला नाही. पावसामुळे सेंतेनारियो मैदान वेळेत पुरे झाले नाही, म्हणून पहिले सामने पेन्यारोल आणि नासियोनाल या क्लबांच्या लहान मैदानांवर उरकावे लागले. बोलिव्हियाचे खेळाडू तर एकेका जर्सीवर एकेक अक्षर लावून, ‘व्हिव्हा उरुग्वे’ असे यजमानांचे अभिनंदन घेऊन मैदानात उतरले. आजच्या काटेकोर डोळ्यांना हे सारे गावच्या जत्रेतल्या सामन्यांसारखे वाटेल. पण व्यवस्थेचा कच्चेपणा आणि खेळाचा दर्जा यांची गल्लत करू नये; १९३० मध्ये कोणत्याही खंडात ही व्यवस्था याहून फार वेगळी झाली असती असे मला वाटत नाही.

आणि मग ३० जुलैचा अंतिम सामना. ला प्लाता नदीच्या पलीकडून अर्जेंटिनाचे हजारो समर्थक बोटींनी निघाले होते, त्यांतले अनेक धुक्यामुळे वेळेवर पोचू शकले नाहीत. प्रवेशद्वारावर प्रेक्षकांची झडती घेतली गेली. बेल्जियमचे पंच जॉन लांगेनस यांनी आपल्या सुरक्षिततेची हमी मिळाल्यावरच सामना स्वीकारला. चेंडू कोणाचा, यावरून वाद झाल्याने पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळला गेला. अधिकृत नोंदीप्रमाणे ६८,३४६ प्रेक्षक हजर होते. बाराव्या मिनिटाला पाब्लो दोरादोने उरुग्वेला आघाडी दिली, विसाव्या मिनिटाला कार्लोस पेउसेलेने बरोबरी केली आणि ३७ व्या मिनिटाला स्ताबिलेने गोल केला, तो ऑफसाइड असल्याची उरुग्वेचा कर्णधार होसे नासाझी याची तक्रार पंचांनी फेटाळली. आपल्याच देशात, आपल्या संविधानाच्या शताब्दी वर्षात, आपल्याच मैदानावर, मध्यंतराला उरुग्वे १-२ असा मागे होता. पंचांनी यजमानांना झुकते माप दिले असे सर्रास लिहिणाऱ्यांनी हा गोल विसरू नये. उत्तरार्धात पेद्रो सेआने बरोबरी केली, सांतोस इरियार्तेने आघाडी मिळवली, आणि अखेरच्या मिनिटांत एक्तोर कास्त्रोने चौथा गोल केला. हाच तो एका हाताचा खेळाडू. तेरा वर्षांचा असताना विजेच्या करवतीत त्याचा उजवा हात कोपरापुढे तुटला होता. दुसऱ्या दिवशी उरुग्वेत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली आणि ब्युनॉस आयर्समध्ये उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक झाली. अर्जेंटिनाच्या बाजूने खेळलेला आणि वयाची शंभरी गाठलेला फ्रान्सिस्को व्हारायो २०१० साली वारला, तो त्या सामन्यातला शेवटचा हयात खेळाडू होता; आपण तो सामना गमावायला नको होता असे तो म्हातारपणीही मुलाखतींत बोलून दाखवत असे.

आता ‘अपुरेपणा’चा मापदंड इतर स्पर्धांना लावून पाहावा. १९३४ ची स्पर्धा इटलीत झाली. १९३० च्या अनुभवाने दुखावलेल्या उरुग्वेने तिच्यावर बहिष्कार टाकला. आपले विजेतेपद राखायला न उतरलेला तो विश्वचषकाच्या इतिहासातला एकमेव विजेता. अर्जेंटिनाने चार वर्षांपूर्वीचा एकही खेळाडू नसलेला हौशी संघ पाठवला. सोळा संघांत युरोपचे बारा होते, आणि उरलेले चारही, म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका आणि इजिप्त, एकेक सामना खेळून घरी गेले. त्या इटलीच्या विजयी संघात, १९३० मध्ये अर्जेंटिनाकडून अंतिम सामना खेळलेला मोंती होता, हा त्यातला आणखी एक भाग. जगज्जेता अनुपस्थित, उपविजेता दुय्यम संघासह हजर, आणि तरीही १९३४ विषयी ‘अपुरी’ हे विशेषण मी मराठीत वाचलेले नाही. १९५० ची ब्राझीलमधली स्पर्धा तर अधिक बोलकी आहे. तिथेही तेराच संघ खेळले. माघारींमुळे उरुग्वेच्या गटात दोनच संघ उरले आणि बोलिव्हियाला ८-० असे हरवून तो थेट अंतिम साखळीत गेला. त्या स्पर्धेला मात्र आपण माराकाना मैदानावर उरुग्वेने यजमान ब्राझीलला हरवून विजेतेपद मिळवले, त्या अद्भुत सामन्यासाठी ओळखतो, संघांच्या संख्येसाठी नाही.

१९५० मध्ये माघार घेणाऱ्यांत भारतही होता, हे सांगितलेच पाहिजे. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपली जागा होती. अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून आपण गेलो नाही, ही कथा अजूनही सांगितली जाते, पण खरे कारण त्याहून साधे होते : लांबचा सागरी प्रवास, खर्च, तयारीला अपुरा वेळ, निवडीवरचे मतभेद आणि ऑलिंपिकपुढे या स्पर्धेला महत्त्व न देण्याची महासंघाची दृष्टी. यजमान प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला तयार होते, तरी आपण गेलो नाही. म्हणजे १९३० मध्ये युरोपीय संघटनांनी जे केले, तेच वीस वर्षांनी आपण केले. आपल्या त्या गैरहजेरीमुळे १९५० चे उरुग्वेचे विजेतेपद कमी मोलाचे झाले असे आपण म्हणत नाही. आमच्या कोल्हापुरातही एखाद्या मातब्बर तालमीच्या संघाने स्पर्धेत नाव दिले नाही, तर जिंकणाऱ्या तालमीचा चषक कोणी कमअस्सल ठरवत नाही. न आलेल्याला नावे ठेवली जातात.

पहिला विश्वचषक अपुरा होता असे म्हणायचेच असेल तर त्यासाठी वेगळे कारण आहे, आणि ते आपल्या लेखांत येत नाही. त्या तेरा संघांत आशियातून एकही नव्हता आणि आफ्रिकेतूनही एकही नव्हता. भारतात तेव्हा रोव्हर्स चषक आणि ड्युरँड चषक या स्पर्धा कित्येक वर्षे चालू होत्या, मुंबईत आणि कोलकात्यात फुटबॉलला गर्दी लोटत होती, पण देश परक्यांच्या राज्यात होता, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन व्हायचा होता आणि फिफाचे सदस्यत्व १९४८ मध्ये मिळायचे होते. १९३० मध्ये निमंत्रण पाठवायला पत्ताच नव्हता. या अनुपस्थितीबद्दल आपल्या क्रीडापानांवर एक ओळ नसावी आणि इटली, स्पेन, जर्मनी स्वेच्छेने आले नाहीत याची मात्र दर चार वर्षांनी हळहळ व्हावी, याचे मला आश्चर्य वाटते.

शताब्दीची पुरवणी काढण्याचा आपला विचार असेलच. तीत तेराही संघांची नावे, चार गटांची विभागणी आणि अठराही सामन्यांचे निकाल एका चौकटीत द्यावेत, अशी विनंती आहे. सत्तर गोलांची ती चौकट पानाच्या एका कोपऱ्यात सहज मावेल. १९२४, १९२८ आणि १९२९ चे निकालही तिच्या शेजारी छापले, तर उरुग्वे व अर्जेंटिना माँटेव्हिडिओला कोणती पुण्याई घेऊन उतरले होते हे वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. पहिल्या हॅट्‌ट्रिकचे श्रेय पॅटनॉडला द्यावे. आणि विश्वचषकाच्या दिवसांत ज्या पेठांतून अर्जेंटिना व ब्राझीलचे झेंडे लागतात, तिथल्या मुलांसाठी नासाझी, आंद्रादे, सेआ आणि कास्त्रो या उरुग्वेच्या खेळाडूंची छायाचित्रे मोठ्या आकारात छापावीत.

कळावे.

आपला,
एक वाचक,
कोल्हापूर